साथीच्या दिवसांत आयसीयूत पेशंटला भेटायला जाताय? आधी हे वाचा

बेळगावात कुणी आयसीयूत ॲडमिट झालं की खानापूर, चंदगड, निपाणीकडनं माणसं गाडी भरून येतात. प्रेमापोटीच येतात, पण साथ चालू असताना ही गर्दी पेशंटलाही धोक्याची आणि येणाऱ्यालाही. आणि गर्दी नको म्हणून कुणीच जायचं नाही हेही मला पटत नाही, कारण ओळखीचा आवाज पेशंटला लागतोच.

म्हणून पहिलं काम घरात बसून करा, दोन माणसं ठरवा आणि शेवटपर्यंत तीच दोघं आळीपाळीनं जाऊ देत. रोज नवा माणूस गेला की रोज मास्क, गाऊन पहिल्यापासून शिकवावं लागतं, डॉक्टरनाही तेच तेच दहा जणांना सांगावं लागतं. बाकीच्यांना संध्याकाळी ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाका, मामा-काका रागावले तरी चालतील.

ताप, खोकला, जुलाब, डोळे आलेले असं काहीही असेल तर जाऊ नका, "किरकोळ सर्दी आहे" हेसुद्धा नको. फ्लू तर लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासनंच पसरू शकतो, त्यामुळं घरात दुसऱ्या कुणाला झाला असेल तरी सिस्टरना आधी सांगा. गरोदर बाई, केमो चालू असलेला माणूस, लहान पोरं यांना शक्यतो नेऊ नका. आणि फ्लूची लस आज घेतली म्हणून उद्या बिनधास्त जाता येत नाही, तिचा असर यायला साधारण 2 आठवडे लागतात.

सरकारी सिव्हिल असो की केएलई हॉस्पिटल, सिस्टरना एक प्रश्न विचाराच: हा आजार पसरतो कशानं? डेंग्यू डासानं पसरतो, आपल्या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात ज्याची भीती असते तो माकडताप गोचिडीनं, हे दोन्ही पेशंटचा हात धरल्यानं होत नाहीत. टीबी, गोवर, कांजिण्या हवेतनं पसरतात, तिथं एन-95 लागतो, साध्या सर्जिकल मास्कवर भागत नाही. जुलाबाच्या काही आजारांत सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच लागतं. आपल्या मनानं अंदाज बांधू नका, दारावर लावलेला बोर्ड वाचा, फक्त कन्नडमध्ये असला तर वाचून दाखवा म्हणायला लाजू नका.

आत जाण्याआधी अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून घरीच ठेवा, त्यांच्याखाली घाण राहते. सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद, साबण 40 ते 60 सेकंद, बोटांच्या फटी आणि अंगठासुद्धा. एन-95 ची वरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावर दाबून बसवा, मग जोरात श्वास सोडून बघा, डोळ्यांकडं किंवा गालाकडनं वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही. दाढीवर तो घट्ट बसतच नाही, तेव्हा दाढीवाल्यानं एकतर दाढी करावी नाहीतर दुसऱ्याला पाठवावं. फोन न्यायलाच लागला तर विचारून पारदर्शक झिपच्या पिशवीत घाला, बाहेरनं स्क्रीन चालते, घरच्यांचा व्हिडिओ कॉलही दाखवता येतो, आणि बाहेर पडताना पिशवी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात.

सौंदत्तीहून आणलेला यल्लम्माचा भंडारा कपाळाला लावायची इच्छा होते हे मला कळतं, पण पेशंटला नळ्या, सुया लावलेल्या असतात, तिथं कसलीच पूड नको. शहाळं, पेज, फुलंही बाहेरच.

आत गेल्यावर कॉटवर बसू नका, नळ्यांना आणि मशीनला हात लावू नका, मशीन वाजलं तर सिस्टरना हाक मारा. मग जवळ जाऊन नाव सांगून बोला. "आई, मी आलोय, आज मंगळवार, तू बेळगावात दवाखान्यात आहेस, डॉक्टर म्हणूलालेत ताप उतरलाय." आयसीयूत रात्र-दिवस कळत नाही, माणूस भ्रमात जातो, म्हणून हे रोज सांगायचं. गुंगीत असले तरी ऐकू येत असेल असं धरूनच बोला, आणि खर्चाचं, वाटणीचं उशाशी काही बोलू नका. चष्मा, कानाचं मशीन पुसून सिस्टरकडं द्या, त्याचा फार उपयोग होतो. नळीमुळं बोलता येत नसेल तर कागदावर तहान, दुखणं, लघवी अशी मोठी चित्रं काढून द्या, म्हणजे कन्नड किंवा मल्याळी सिस्टरलाही कळेल.

खरी गडबड होते ती बाहेर पडताना, कारण रडू आलेलं असतं आणि हात तोंडाकडं जातो. आधी ग्लोव्हज काढा, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, मास्क सगळ्यात शेवटी खोलीबाहेर, तोही पट्ट्यांना धरून. प्रत्येक टप्प्याला हात साफ. दवाखान्याची पद्धत जरा वेगळी असली तर त्यांचीच पाळा.

पेशंट शेवटच्या टप्प्यात असेल तर नियम आहे म्हणून मुकाट परत फिरू नका, डॉक्टरना भेटून स्पष्ट विनंती करा, अशा वेळी बऱ्याच ठिकाणी एखाद-दोघांना पूर्ण तयारीनिशी आत सोडतात.

घरी आल्यावर कपडे धुवायला टाका, अंघोळ करा, मगच पोरांना जवळ घ्या. किती दिवस लक्ष ठेवायचं ते आजारावर आहे, फ्लू 1 ते 4 दिवसांत दिसतो, कोविडला 14 पर्यंतही लागू शकतात. मधेच अंग तापलं तर वॉर्डात फोन करून कळवा आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याऐवजी ठरलेला दुसरा माणूस जाऊ दे.