वाडीत फायबर आणायचंय? आधी तार कुठे संपते ते बघा

‘गावाला कुठल्या कंपनीचं नेट चांगलं’ हा प्रश्न पुण्यात ठीक आहे, तिथे एकेका बिल्डिंगच्या जिन्यात तीन-चार जणांचे डबे लटकलेले असतात. कोकणातल्या वाडीत आधी विचारायचं ते हे, की तार कुठपर्यंत आलीय आणि तिथून आपलं घर किती लांब.

भारतनेट, ही केंद्र सरकारची गावोगावी फायबर नेण्याची योजना, ऐकलं असेलच. २०११ ला एनओएफएन (नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क) नावाने मंजूर झालं, नंतर नाव बदललं, टार्गेट काय तर अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर. नीट वाचा, ग्रामपंचायतीपर्यंत. आपल्याकडे एका पंचायतीत आठ-दहा वाड्या, त्याही डोंगराच्या दोन्ही अंगाला, आणि पंचायतीचं ऑफिस डांबरी रस्त्याला, म्हणजे कागदावर गाव कनेक्टेड आणि वरच्या वाडीतली पोरगी फॉर्म भरायला रेंज शोधत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, चढतेय. पुढची लाइन रस्ता आणि गिऱ्हाईक बघून सरकते, म्हणून धनगरवाडी, कातकरवाडीचा नंबर बहुतेक शेवटी लागतो. हे आपोआप सुधरेल म्हणून बसून राहू नका.

तर पहिलं काम, पंचायतीत जा आणि सरपंचांच्या आधी संगणक परिचालकाला गाठा. तिथला भारतनेटचा डबा चालू आहे का, लाइट लागते का, कधीपासून बंद आहे, हे त्यालाच माहीत असतं. मग केबलवाल्याला फोन करा. बीएसएनएलचं फायबर बऱ्याच ठिकाणी लोकल फ्रँचायझीच टाकतो आणि तो बहुतेक तुमचा जुना केबलवालाच निघतो. त्याला एकच विचारायचं, तुमचा शेवटचा स्प्लिटर (एका तारेतून बऱ्याच घरांना फाटे देणारी डबी) कुठल्या खांबावर आहे? अंतराला घाबरू नका, जीपॉन, म्हणजे घरोघरी देतात ते हेच फायबर, २० किमीपर्यंत जातं. अडतं ते खांब आणि पैशावर.

आणि इथेच एकट्याने जाऊन काही होत नाही. एका घरासाठी दीड किलोमीटर केबल ओढणं त्याला परवडत नाही हो, पण स्प्लिटरला बऱ्याचदा आठ तोंडं असतात, आठ घरांची नावं आणि मोबाईल नंबर लिहून कागद हातात दिलात की तो स्वतः गाडी काढून बघायला येतो. मुंबईकरांची बंद घरं यादीत घालू नका, त्यांना नेट फक्त गणपती आणि मे महिन्यात लागतं, केबलवाल्याला ते पक्कं माहीत असतं. खांबांसाठी ग्रामसभेत ठराव घ्या, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरची सभा बरी, माणसं जमतात. महावितरणच्या खांबावरून केबल न्यायची तर परवानगी केबलवाल्यानेच काढायची, ते तुमच्या गळ्यात घेऊ नका.

तार येणारच नसेल तर ५जी एअरफायबर, म्हणजे तारेऐवजी मोबाईल टॉवरवरून घरात येणारं नेट, पण ते मिळेल की नाही हे टॉवरवर. पैसे भरायच्या आधी त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये घालून छपरापाशी रात्री नऊला स्पीड बघा, सकाळी सहाचा आकडा बघून खुश होऊ नका कारण तेव्हा टॉवर मोकळा असतो. ५जी नसेल तर सिमवाला ४जी राउटर आणि छपरावर टॉवरकडे तोंड करून बाहेरचा अँटेना. फायबरची सर नाही पण मीटिंग निभते. (सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस मिळालं की झालं ब्रॉडबँड, २०२३ च्या आधी तर ५१२ केबीपीएसला पण म्हणायचे!)

फायबर लागलं की जोडणारा माणूस जायच्या आधी त्याच्या ऑप्टिकल मीटरवर पॉवर, म्हणजे तारेतल्या सिग्नलची ताकद, बघायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर छान, उणे २७ च्या पुढे, म्हणजे उणे २८-२९ असं, गेलं की लाइन पावसात रडणार. आकड्याचा फोटो काढून ठेवा. घरातली केबल काटकोनात वाकवू देऊ नका, खिळ्याने तर अजिबात ठोकू देऊ नका.

वीज गेली की राउटर बंद, म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्याच, आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. अर्थात पुढचा डबा, म्हणजे ऑपरेटरचा, बॅटरीवर नसेल तर तुमचा यूपीएस शोभेचा, तेही आधीच विचारून घ्या. जूनमध्ये झाडं पडतात, रस्त्याच्या कामात केबल तुटते. भारतनेटची सुरुवातीची लाइन सरळ रेषेत होती, एका जागी तुटली की पुढची सगळी गावं बंद, २०२३ ला १.३९ लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला त्यात रिंग, म्हणजे एकीकडे तुटलं तरी दुसरीकडून चालू राहील अशी गोल लाइन, करायचं ठरलंय.

ओएनटीवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, एलओएसची (सिग्नल गेल्याची) लाल लाइट लागली तर राउटर बंद-चालू करत बसू नका, तार तुटलीय किंवा सिग्नल पोचत नाहीये. तक्रार फक्त केबलवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका, कंपनीच्या नंबरवर करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या, कारण काम झालं नाही तर कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे जाता येतं, फी लागत नाही, पण डॉकेट नंबर नसेल तर तिथे तुमचं कोणी ऐकत नाही.