सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा घेताय? आधी या चुका टाळा

"बहिणाबाई चौधरींच्या कविता कोणत्या बोलीत आहेत?" माझ्या हातातल्या कागदावर उत्तर होतं, अहिराणी. गिरणा गटातली सातवीची मुलगी उठली आणि म्हणाली, "लेवा." मी चूक म्हणून टाकलं आणि प्रश्न पुढे पास केला. तापी गटाने "अहिराणी" सांगून पाच गुण घेतले. मुलगी काही खाली बसेना. "सर, आमची आजी तसंच बोलते. आमच्या घरात अहिराणी नाही बोलत कोणी." मी म्हणालो, उत्तरसूचीत हेच दिलंय, बस खाली.

चुकली होती उत्तरसूची. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, म्हणजे यावल, रावेर, भुसावळ या भागातल्या घरांतून अजूनही ऐकू येते ती. अहिराणीचा मुलूख धुळे, अमळनेर, चाळीसगाव, बागलाण असा पश्चिमेकडे. बाहेरच्या माणसाला खानदेश म्हणजे अहिराणी एवढंच ठाऊक असतं, आणि आमची उत्तरसूची अशाच कुणीतरी बनवलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेली पीडीएफ होती. रात्री घरी येऊन बघितलं तेव्हा लाज वाटली. सोमवारी परिपाठात सगळ्यांसमोर चूक सांगितली आणि गिरणा गटाचे पाच गुण वाढवले. बक्षिसाची कंपासपेटी मात्र तापी गटाच्या दप्तरात गेली होती, ती कशी परत मागणार?

तेव्हापासून प्रश्न काढताना जे जे खटकत गेलं ते इथे लिहितोय. पाठांतरात मुलं कमी पडत नाहीत. बहुतेक वेळा प्रश्नच अर्धा असतो.

साल नसलेला प्रश्न

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "खानदेशात किती जिल्हे?" हा प्रश्न घ्या. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, पुढे त्यांचीच नावं जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे एक, दोन, तीन ही तिन्ही उत्तरं आपापल्या काळात बरोबर. त्यात कुणा घरच्या आजोबांनी बऱ्हाणपूरही जुन्या खानदेशातच होतं असं सांगितलेलं असलं, तर त्या पोराला तुम्ही काय उत्तर देणार?

महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचंही असंच आहे. १ मे १९६० ला २६ होते, आज ३६ आहेत. १९९९ ते २०१४ या काळात ३५ होते, आणि त्या काळात छापलेल्या पुस्तिका अजून शाळेच्या कपाटात पडून आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला, तो त्यांत कुठून येणार? राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश विचारले की २९ आणि ७ हे उत्तर हमखास येतं. ते २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत खरं होतं. आज २८ आणि ८ आहेत. धुळे-जळगावचा महामार्ग मोठ्या माणसांच्या तोंडी अजून "सहा नंबर"च आहे, फलकावर मात्र ५३. प्लुटो २००६ पासून ग्रहांच्या यादीत नाही. शनीचे उपग्रह तर विचारूच नका. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या उपग्रहांची भर पडली आणि आकडा २७४ वर गेला.

उपाय सोपा आहे. एक तर प्रश्नातच तारीख घाला: "महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तेव्हा किती जिल्हे होते?" नाहीतर बदलणारा आकडा विचारूच नका. मी आता आठवी-नववीला उलटं विचारतो: "१९६० नंतर तयार झालेल्या दहा जिल्ह्यांपैकी कोणतेही चार सांगा." नंदुरबार पहिल्या सेकंदाला येतो, मग पोरं डोकं खाजवायला लागतात. प्रत्येक कार्डाच्या मागे उत्तर कधी तपासलं तो महिना आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवतो. दरवर्षी तेवढंच खोडायचं.

"सर्वात" हा शब्द

सातपुड्यातलं सर्वात उंच शिखर कोणतं? नंदुरबारची मुलं छाती ठोकून अस्तंभा म्हणतील. उंची १३२५ मीटर, यात्रा भरते, घरातलं कुणीतरी चढून आलेलं असतं. पण संपूर्ण सातपुड्यात मध्य प्रदेशातल्या पचमढीजवळचं धूपगड जास्त उंच आहे, १३५० मीटर. "महाराष्ट्रातल्या सातपुड्यात" एवढे शब्द घातले की भांडण मिटतं. "सर्वात मोठं वाळवंट" विचारायचं तर उष्ण वाळवंट म्हणा, नाहीतर अंटार्क्टिका सांगणाऱ्या मुलाला शून्य द्यावं लागेल आणि तो बरोबर असेल. शरीरातला सर्वात मोठा अवयव त्वचा, शरीराच्या आतला यकृत.

"राष्ट्रीय" या शब्दाचंही तेच. हॉकी आपला अधिकृत राष्ट्रीय खेळ नाही आणि हिंदी ही राष्ट्रभाषा नाही. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमात ती संघराज्याची राजभाषा आहे. हे दोन प्रश्न गठ्ठ्यातून काढून फाडून टाका.

"कुठले?" हा आळशी प्रश्न

"साने गुरुजी कुठले?" असा प्रश्न मी स्वतः काढलेला आहे. अमळनेरची मुलं अमळनेर म्हणाली, कारण त्यांनी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवलं. एकाने पालगड सांगितलं, तेही बरोबर, जन्म कोकणातल्या पालगडचा. धुळ्याचं एक पोरगं बसलं होतं, ते म्हणालं धुळे. कारण १९३२ मध्ये विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरवून घेणारे साने गुरुजीच. तिघांनाही गुण द्यावे लागले. जन्मले कुठे, शिकवलं कुठे, तुरुंगात कुठे होते, असं क्रियापद नीट लिहिलं असतं तर एका प्रश्नाचे तीन चांगले प्रश्न झाले असते.

बहिणाबाई म्हटलं तरी कोणत्या ते सांगा. तुकोबांच्या शिष्या असलेल्या संत बहिणाबाई वेगळ्या, सतराव्या शतकातल्या.

जवळचं ते आपलं

अजिंठा लेणी कोणत्या जिल्ह्यात? जळगावच्या शाळेत हा प्रश्न टाकून बघा. "आपलाच शे ना, सर!" रेल्वेने येणारे पर्यटक जळगावला उतरतात, सहलही इथूनच जाते, म्हणजे लेणी जळगावचीच असं पोरांना वाटतं. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. हा प्रश्न चुकीचा नाही, उलट छान आहे. फक्त "चूक, पुढचा" म्हणून पळू नका. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी नदी कोणती, असा बोनस तिथेच द्या. ती वाघूर, आणि ती पुढे आपल्याच जिल्ह्यात येऊन तापीला मिळते. पोरांचा रुसवा जातो.

स्पर्धा चालू असताना

उत्तर बोलीत आलं तर घ्या. एकदा प्रश्न होता, प्रकाशाची जाणीव कोणत्या ज्ञानेंद्रियाला होते. मुलगा म्हणाला, "डोया." वेळ लावणारे सर हसले, मग सगळा हॉल हसला. पुढच्या तीन फेऱ्यांत तो मुलगा बझरजवळ हात नेईना. आता सुरुवातीलाच सांगतो, उत्तर अहिराणीत, लेव्यात, पावरीत, कशातही चालेल. मला कळलं नाही तर शेजारच्या मुलाला विचारीन.

एखाद्या गटाला सोपे आणि दुसऱ्याला अवघड प्रश्न येतात ही तक्रार पालकांची असते आणि बहुधा खरी असते. एका फेरीत सगळ्या गटांना एकाच विषयाचे प्रश्न ठेवा, पाकिटं गटप्रमुखाला निवडू द्या. हॉलमधून उत्तर फुटलं तर तो प्रश्न रद्द, गुण कुणालाच नाहीत. उत्तरावर वाद झाला तर जागच्या जागी निकाल देऊ नका. फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्नाचा क्रमांक लिहा, एका शिक्षकाला पाठ्यपुस्तक किंवा नकाशा बघायला बसवा, फेरी चालू ठेवा. आणि बक्षीस त्याचा निर्णय लागल्यावरच.

बरोबरी झाली की चिठ्ठी टाकायची पद्धत मला आवडत नाही. वर्षभर खपलेल्या पोरांचा निकाल चिठ्ठीवर का लावायचा? मी आकड्याचे चार-पाच प्रश्न वेगळे ठेवतो. दोघांनी पाटीवर आकडा लिहायचा, जवळचा जिंकला. गेल्या खेपेला विचारलं, "तापी नदीची लांबी किती किलोमीटर?" मुलाने लगेच लिहिलं. मुलगी खडू हातात धरून थांबली. "सर, सगळी नदी का फक्त महाराष्ट्रातली?" मी कार्डावर तिथल्या तिथे पेनने लिहिलं, "मुलताईपासून समुद्रापर्यंत", आणि प्रश्न परत वाचला. मुलाने आधीचं पुसून ७०० केलं, मुलीने ७५० लिहिलं. उत्तर ७२४. दोन किलोमीटरने मुलगा जिंकला, आणि हॉलमधल्या अर्ध्या पोरांनी ती वजाबाकी स्वतःच्या वहीत परत करून बघितली.