विरळ जेकोबियन कसं साठवावं: साचा एकदाच, आकडे दर फेरीला

नागपूरला पाणी पेंच आणि कन्हानमधून येतं. अशा शहराच्या पाईपलाईनचं जाळं घेऊन कोणता पंप किती वेळ चालवायचा, कुठल्या टाकीला किती पाणी सोडायचं हे ऑप्टिमायझेशनने काढायला बसलं, की पहिल्याच धावेत लॅपटॉप गुदमरतो. गणित तसं अवघड नसतं. डेरिव्हेटिव्हचं मॅट्रिक्स म्हणजे जेकोबियन: ओळ समीकरणाची, रकाना चलाचा. ते विरळ असतं, म्हणजे बहुतेक घरांत शून्य, तरी कोणीतरी ते पूर्ण चौकोनी ॲरेत भरलेलं असतं, दुखणं तिथे असतं.

धरा, जाळ्यात ४,००० जोड आणि ५,००० पाईप आहेत. प्रत्येक पाईपचा प्रवाह आणि प्रत्येक जोडाचं हेड (पाण्याचा दाब उंचीच्या मापात) मिळून ९,००० चल. समीकरणंही तेवढीच: पाईपमागे एक, जोडामागे एक. पूर्ण जेकोबियनमध्ये ८ कोटी १० लाख घरं होतात आणि घराला ८ बाइट धरले तर ६४८ एमबी लागतात. आता खरोखर भरलेली घरं मोजा. पाईपच्या समीकरणात तीनच चल येतात, स्वतःचा प्रवाह आणि दोन टोकांची हेड. म्हणजे १५,००० नोंदी. पाईपचा प्रवाह दोन्ही टोकांच्या जोडांच्या हिशेबात येतो, त्या १०,०००. एकूण २५,०००. (टाकीला लागलेल्या पाईपांत एखादी नोंद कमी होईल, ती इथे सोडून देऊ.) ओळ, रकाना, किंमत अशा त्रिकुटांत म्हणजे सीओओ पद्धतीने ठेवलं तर नोंदीला ४ + ४ + ८ बाइट, सगळे मिळून ४०० केबी. सीएसआरमध्ये, म्हणजे ओळ क्रमांकांऐवजी प्रत्येक ओळ कुठे सुरू होते एवढंच ठेवलं तर, ३३६ केबी. या दोघांतल्या फरकावर डोकं खपवू नका. ६४८ एमबीवरून ४०० केबीवर आलात, काम झालं.

छोटं उदाहरण हाताने करून बघा

धरमपेठ, रामदासपेठ आणि सिताबर्डी असे तीन जोड घ्या. पाईप कल्पनेतलेच: पाईप ० धरमपेठ ते रामदासपेठ, पाईप १ रामदासपेठ ते सिताबर्डी, पाईप २ धरमपेठ ते सिताबर्डी. रकाने ०, १, २ हे प्रवाह. ३, ४, ५ ही याच क्रमाने तीन जोडांची हेड. ओळी ० ते २ पाईपच्या, ३ ते ५ जोडांच्या. मोजणी शून्यापासून.

सीएसआरमध्ये रकान्यांची यादी अशी होते:

० ३ ४ | १ ४ ५ | २ ३ ५ | ० २ | ० १ | १ २

आणि प्रत्येक ओळ कुठे सुरू होते ते सांगणारी यादी:

० ३ ६ ९ ११ १३ १५

उभ्या रेघा फक्त वाचायला सोप्या जाव्यात म्हणून. मेमरीत त्या नसतात. दुसऱ्या यादीत ओळींपेक्षा एक आकडा जास्त असतो आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण नोंदी. तो १५ आला नाही तर पुढे जाऊच नका.

या १५ नोंदींपैकी १२ कायम +१ किंवा −१ राहतात. बदलतात फक्त तीन: पाईपच्या ओळीतली प्रवाहाची नोंद. प्रत्येक पाईपच्या ओळीत ती पहिली येते, म्हणून किमतींच्या ॲरेत तिची जागा सरळ ३ × पाईप क्रमांक. मोठ्या जाळ्यातही तेच: २५,००० पैकी ५,००० जागांवर नवा आकडा लिहायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. फक्त सॉल्व्हरने (ऑप्टिमायझेशन सोडवणाऱ्या प्रोग्रामने) दिलेल्या ॲरेत मागच्या फेरीचे आकडे शिल्लक असतील असं धरून चालू नका. कायमच्या नोंदी भरलेला एक ॲरे स्वतःजवळ ठेवा, दर फेरीला त्यात ५,००० आकडे बदला आणि सगळा कॉपी करून द्या.

आयपॉप्ट या सॉल्व्हरचा इंटरफेस याच विचाराने बांधलेला आहे. तो आधी किमतींचा ॲरे रिकामा पाठवून नुसता साचा, म्हणजे कोणत्या घरांत नोंद येते एवढंच, विचारतो, नंतर दर फेरीला त्याच क्रमाने किमती मागतो. साचा मधेच बदलता येत नाही. ते बरंच आहे, कारण रेषीय सॉल्व्हर ओळींची फेरमांडणी आणि फॅक्टरची (मॅट्रिक्स ज्या सोप्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात फोडलं जातं त्यांची) आखणी त्या साच्यावरून एकदाच करून ठेवतो. ओळी-रकाने ० पासून की १ पासून, हे आयपॉप्टला सुरुवातीलाच सांगावं लागतं. एका फंक्शनमध्ये ० आणि दुसऱ्यात १ अशी सरमिसळ झाली, तर कधी सरळ एरर येते, आणि कधी प्रोग्राम मुकाट्याने चालून भलतंच उत्तर देतो.

शून्य किंमत म्हणजे रिकामी जागा नव्हे

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. घर्षणाने हेड किती घटतं ते सांगणाऱ्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रात ही घट प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताच्या प्रमाणात असते, म्हणून तिचं डेरिव्हेटिव्ह ०.८५२ व्या घाताच्या प्रमाणात. सुरुवातीचा अंदाज म्हणून सगळे प्रवाह ० दिले की ही नोंद नेमकी ० येते. साचा त्या बिंदूवर 'जिथे शून्य नाही ती जागा' असा शोधला, तर बदलणाऱ्या सगळ्या ५,००० नोंदी गळतात आणि उरतात कायमच्या २०,०००. पुढे प्रवाह वाढला तरी सॉल्व्हरला घर्षण दिसतच नाही.

पायथनच्या सायपाय लायब्ररीत हे नकळत होतं. पूर्ण ॲरेवरून सीएसआर बनवलं की शून्यं गळतात. दोन विरळ मॅट्रिक्सची बेरीज करताना एखादी जागा शून्य निघाली तर तीही जाते. त्यामुळे साचा किमतींवरून शोधू नका, समीकरणावरून लिहा. समीकरणं दुसऱ्याची असतील आणि आत काय आहे ते दिसत नसेल, तर एकेका चलात एनएएन ('हा आकडाच नाही' असं दाखवणारी किंमत) टाकून कोणती उत्तरं एनएएन होतात ते पाहा; शून्याने गुणलं तरी एनएएन तसाच राहतो, म्हणून जागा सुटत नाही. मात्र कोडमध्ये 'प्रवाह शून्यापेक्षा मोठा असेल तर' अशी फांदी असेल, तर एनएएनची तुलना खोटी ठरते आणि एकच फांदी तपासली जाते. तिथे हाताने बघावंच लागतं.

हेसियनमध्ये, म्हणजे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्समध्ये, याच सूत्राची उलटी बाजू दिसते. दुसरं डेरिव्हेटिव्ह प्रवाहाच्या −०.१४८ व्या घाताने जातं, म्हणजे प्रवाह ० असला की ते अनंत. उपाय सोपा आहे: प्रवाहाच्या मापाच्या मानाने लहान असा एप्सिलॉन घ्या आणि |प्रवाह| च्या ०.८५२ व्या घाताऐवजी (प्रवाहाचा वर्ग + एप्सिलॉनचा वर्ग) याचा ०.४२६ वा घात वापरा. मग शून्यावर पहिलं डेरिव्हेटिव्हही पूर्ण मरत नाही.

हेसियन बाकी हलकं असतं. पाईपच्या समीकरणांतून फक्त तिरप्या रेषेवरच्या ५,००० नोंदी येतात. पंपाच्या विजेच्या खर्चात प्रवाह गुणिले हेड असतं, त्यामुळे पंपामागे एखाद-दोन नोंदी रेषेबाहेर पडतात. आयपॉप्टला फक्त खालचा त्रिकोण द्यायचा, म्हणजे ओळ क्रमांक रकान्याएवढा किंवा त्याहून मोठा. दोन्ही त्रिकोण दिले तर रेषेबाहेरच्या नोंदी दुप्पट होतात, कारण एकाच जागेची दोन त्रिकुटं आली की त्यांची बेरीज केली जाते.

ही बेरीज उपयोगाचीही आहे: उद्दिष्टातून आणि बंधनातून एकाच जागेवर आलेले आकडे वेगवेगळे दिले तरी चालतं. स्वतः एकत्र करायचे असतील तर कोणता हिस्सा कितव्या जागेवर जातो याचा नकाशा सुरुवातीलाच बनवून ठेवा आणि दर फेरीला ॲरे आधी ० करून मगच मिळवा. ० करायचं राहिलं तर पहिली फेरी बिनचूक निघते, डेरिव्हेटिव्हची चाचणीही पास होऊ शकते, आणि दुसऱ्या फेरीपासून सॉल्व्हर भरकटतो. असं दिसलं की सगळ्यात आधी हेच तपासा.

सूत्र हाताने काढायचं नसेल

चल किंचित हलवून उत्तरांतल्या फरकावरून जेकोबियन काढायचं तर ९,००० चल एकेक करून हलवू नका. ज्या दोन रकान्यांची एकही ओळ सामाईक नाही ते एकदम हलवता येतात. कर्टिस, पॉवेल आणि रीड यांनी ही युक्ती १९७४ मध्ये मांडली. वरच्या तीन जोडांच्या उदाहरणात रकाना ० आणि ५, १ आणि ३, २ आणि ४ अशा जोड्या जमतात. म्हणजे प्रत्येक पाईप त्याच्या समोरच्या कोपऱ्याबरोबर. सहाऐवजी तीन वेळा फंक्शन चालवलं की भागलं. गट किती पडतील याची खालची मर्यादा म्हणजे एका ओळीतल्या जास्तीत जास्त नोंदी: एका जोडाला सहा पाईप असतील तर निदान सहा गट. मोठ्या जाळ्यात गट हाताने पाडत बसू नका, कॉलपॅकसारखी लायब्ररी ते करून देते.

डेरिव्हेटिव्हची चाचणी या तीन जोडांच्या उदाहरणावरच घ्या आणि तिन्ही प्रवाहांना वेगवेगळ्या, शून्य नसलेल्या किमती द्या.

मग २४ तासांचं नियोजन. चल २,१६,००० होतात, नोंदी ६ लाख आणि वर टाकीची पातळी एका तासातून पुढच्या तासात नेणाऱ्या थोड्या. त्रिकुटांत हे १० एमबीच्या आसपास. पूर्ण ॲरेत ३७३ जीबी लागले असते. चलांचे क्रमांक तासांप्रमाणे लावायचे की प्रकाराप्रमाणे यावर वाद घालू नका, फॅक्टर करताना सॉल्व्हर स्वतःची फेरमांडणी करतोच. क्रमांकांना ३२ बिट पुरतात. २,१४,७४,८३,६४७ नोंदींपर्यंत अडचण नाही. मेमरी संपलीच तर ती बहुतेक वेळा जेकोबियनने नव्हे, फॅक्टर करताना भरल्या गेलेल्या नव्या नोंदींनी खाल्लेली असते. तेव्हा साठवण्याची पद्धत पुन्हा लिहायला बसण्याआधी सॉल्व्हरच्या लॉगमध्ये फॅक्टरच्या नोंदी किती झाल्या ते पाहा आणि फेरमांडणीची दुसरी पद्धत लावून बघा.