छोट्या शहरात कारखाने आणायचेत? मग आधी हे करा
मोठी कंपनी शोधत फिरण्याआधी शहरात आत्ता चालू असलेल्या कारखान्यांना भेटा, त्यांचं काय अडतंय ते विचारा, कारण बऱ्याच नवीन नोकऱ्या त्यांच्याच वाढीतून येतात. मग जागा. नुसता नकाशावर पट्टा रंगवून भागत नाही हो, मालकी क्लिअर पाहिजे, लांब ट्रेलर वळेल एवढा रस्ता पाहिजे, वीज किती मेगावॅट आणि पाणी रोज किती मिळेल हे लेखी पाहिजे, सांडपाणी कुठे जाणार तेही, आणि वारा जिथून वस्तीकडे येतो त्या बाजूला धुराचे कारखाने नकोतच. परवानग्यांसाठी एकच माणूस नेमा, फोन उचलणारा. टॅक्समध्ये सूट देणार असाल तर नोकऱ्यांचा आकडा करारात घाला, नाही पाळला तर सूट वसूल करा.