एअर फिल्टर बदलून पॉवर वाढते का? ट्यूनिंग शिकायला निघालेल्यांसाठी

ट्यूनिंग शिकायला येणाऱ्या बहुतेकांनी स्वतःच्या गाडीत आधीच कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, ठोकलेला असतो आणि 'पिकअप वाढला' यावर ते ठाम असतात. मी वाद घालत नाही. हातात पारदर्शक प्लॅस्टिकची नळी देतो आणि मोजून ये म्हणतो.

नळी इंग्रजी यू आकारात वाकवून फळीवर बांधायची, मधे पट्टी लावायची, रंगीत पाणी अर्धवट भरायचं. एक तोंड फिल्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या पाइपला जोडायचं, दुसरं एअरबॉक्समध्ये (फिल्टरच्या डब्यात) फिल्टरच्या अलीकडे. नळी भरपूर उंच हवी, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. गाडी डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, घेऊन फुल थ्रॉटल द्यायचा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती फरक पडतो ते बघायचं. बाहेरच्या हवेचा दाब साधारण 10 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणजे 10 सेंटिमीटर फरक दिसला, तर फिल्टर एक टक्का दाब खातोय. टर्बो नसलेल्या इंजिनात फिल्टर अजिबात नसता तर मिळाली असती ती जास्तीची पॉवरही ढोबळमानाने तेवढीच, एक टक्का. समजा इंजिन 150 हॉर्सपॉवरचं आहे आणि नव्या फिल्टरने अडथळा निम्म्यावर आणला, तर हातात येते पाऊण हॉर्सपॉवर. ही गाडी चालवताना जाणवते असं कुणी म्हणालं, तर त्याला बहुधा इनटेकचा, म्हणजे हवा आत ओढली जाण्याचा, आवाज जाणवलेला असतो. कंपनीच्या एअरबॉक्समधले रेझोनेटर तो दाबतात. उघडा कोन लावला की तोच आवाज कानावर येतो. आवाजासाठी कोन बसवणं मला चूक वाटत नाही, फक्त त्याला पॉवर म्हणू नका.

कंपनीचा कागदी फिल्टर इतका कमी अडवतो, कारण घड्या उलगडल्या तर त्याचा कागद बॉक्सच्या मानाने खूप मोठा निघतो. धूळ बसत गेली तरी पुढच्या सर्व्हिसपर्यंत टिकावा म्हणून तो मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. 2 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला साधारण 6000 लिटर, म्हणजे सात किलोच्या आसपास हवा ओढतं, आणि चांगला फिल्टर ती फारशी कुरकुर न करता देतो. अडचण असते ती बॉक्सकडे हवा आणणाऱ्या अरुंद नळीत (स्नॉर्कलमध्ये), तिच्या तीव्र वळणांमध्ये. म्हणून मोजायच्या नळीचं एअरबॉक्समधलं तोंड तिथेच ठेवून इंजिनकडचं मोकळ्या हवेत सोडून पुन्हा मोजा. बऱ्याचदा फिल्टर निर्दोष सुटतो. आणि अर्ध्या थ्रॉटलला तर हा प्रश्नच उरत नाही, तिथे हवा अडवण्याचं काम थ्रॉटलची झडपच करत असते.

आता गरम हवा. इनटेकची हवा 35 अंशांवरून 55 अंशांवर गेली तर तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. बॉनेटखाली रेडिएटरमागे उघडा ठेवलेला कोन नेमकी ही हवा ओढतो. वर नॉक सेन्सरने नॉक, म्हणजे मिश्रण अवेळी पेटल्याची ठकठक, ऐकली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा टाकतो, ते वेगळंच. पाऊण हॉर्सपॉवरसाठी हा सौदा मला कधी पटला नाही. डायनोवर मात्र बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा, त्यामुळे तोच कोन भलताच देखणा आकडा देतो. रस्त्यावर बॉनेट बंद असतं, हे आलेखावर कुठेच लिहिलेलं नसतं.

डायनोच्या आकड्यांबद्दल सुरुवातीपासून संशयी राहा. एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन रनमध्ये एक-दोन टक्के फरक सहज पडतो. टायरचा दाब, पट्ट्यांचा ताण, इंजिन किती तापलंय, सगळ्याचा परिणाम होतो. हवामानाची दुरुस्ती करणारा तापमानाचा प्रोब कुणी गरम कोपऱ्यात ठेवला, तर सॉफ्टवेअर नसलेली पॉवर जोडून देतं. म्हणून जुना फिल्टर, मग नवा, मग परत जुना अशा क्रमाने रन घ्या, आणि प्रत्येक वेळी इनटेकचं तापमान सारखं असल्याशिवाय सुरू करू नका. तिसऱ्या रनला जुन्या फिल्टरनेही पॉवर 'वाढली', तर काय वाढलं ते तुम्हीच ओळखा.

टर्बोचं गणित थोडं वेगळं. ईसीयू बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ठरलेल्या पातळीवर धरून ठेवतो, त्यामुळे मधल्या आरपीएमला अडथळा असला तरी वेस्टगेट (टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडणारी झडप) जरा जास्त बंद ठेवून तो भरून काढतो. वरच्या आरपीएमला, टर्बोचा दम संपत आल्यावर, कॉम्प्रेसरच्या आधीचा प्रत्येक किलोपास्कल महाग पडतो. बूस्ट वाढवलेल्या गाडीत मोठा, बंद बॉक्समधला फिल्टर खरोखर कामाचा ठरतो. पण तो आधी बसवा आणि मग मॅप करा, म्हणजे ईसीयूतले आकडे जुळवा. पाइपचा व्यास बदलला की मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) त्याच हवेला वेगळा आकडा देतो आणि मिश्रण बिघडतं. ईसीयूच्या लॉगमध्ये फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली दुरुस्ती) एका बाजूला सरकलेला दिसला, तर आधी इथेच बघा. तेल लावायच्या कापडी फिल्टरला हात सैल सोडून तेल मारलं की ते सेन्सरच्या बारीक तारेवर जाऊन बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि वाचन चुकायला लागतं.

मायलेजचं आश्वासन गिऱ्हाइकाला देऊ नका. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आधुनिक फ्युएल इंजेक्शन गाड्यांत फिल्टर चोंदला तरी इंधनाच्या खपावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. मंदावला तो वेग घ्यायचा जोर. म्हणजे घाण फिल्टर बदला, जरूर बदला. चांगल्या कागदी फिल्टरच्या जागी महागडा आणून मात्र टाकीत काही उरत नाही.

फिल्टर घेताना आयएसओ 5011 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केलेल्या चाचणीचे आकडे मागा. त्यात अडथळा, धूळ अडवण्याची क्षमता आणि किती धूळ साठते, तिन्ही असतात. जाहिरातीत फक्त पहिला छापला असेल तर दुसरा विचारा. वाळूतला क्वार्ट्झ काचेवरही ओरखडा काढतो, पिस्टन रिंगचं तर विचारूच नका. फिल्टर बसवून काही दिवस गाडी चालवली की त्याच्या पुढच्या पाइपमध्ये पांढरं फडकं फिरवा. धूळ निघाली तर आधी सील आणि क्लॅम्प तपासा, तिथे सगळं ठीक असेल तर फिल्टर परत करा.