शाळेतलं म्युझिकल मुलांनीच चालवायचं असेल तर

पहिली भानगड परवानगीची, म्हणजे ज्याचं म्युझिकल आहे त्या हक्कदाराकडून घ्यायची. तिकीट लावलं नाही की परवानगी लागत नाही, असं सांगणारे भरपूर भेटतील, त्यावर विसंबू नका. भारतीय कायद्यात शाळेच्या उपक्रमातल्या प्रयोगाला काही अटींवर सूट आहे, ती आपल्या प्रयोगाला लागू होते का ते आधी तपासा. परवानगी मिळाल्यावरही गाण्याचे शब्द बदलायचे असतील किंवा एखादं गाणं उडवायचं असेल तर ते वेगळं विचारावं लागतं. स्वतः लिहिणार असाल तर उत्तमच, फक्त चाली उसन्या घेऊ नका.

ऑडिशनला प्रत्येकाची पट्टी लिहून ठेवा. या वयात मुलांचे आवाज फुटत असतात, आज लागणारा वरचा सूर प्रयोगापर्यंत टिकेलच असं नाही, त्यामुळे पट्टी बदलता येईल असाच साथीचा ट्रॅक घ्या.

तालमीत आधी गाणी, मग नाच, मग संवाद. नाचताना दम लागून गाणं तुटत असेल तर नाच सोपा करा. नेपथ्य जितकं कमी तितकं बरं. शिडी, वायरिंग आणि डोक्यावर टांगायच्या वस्तू मात्र मोठ्यांनीच बघायच्या, तिथे ‘मुलंच करतील’ नको.

खरं घोडं पेंड खातं ते टेक्निकल तालमीत. लोक काय करतात, रंगीत तालमीच्या दिवशीच लाइट, माइक, कपडे, नेपथ्य सगळं एकदम आणतात आणि म्हणतात एकदा रन काढू, बसेल आपोआप. नाही बसत. संध्याकाळ संपते, पहिला अंक संपत नाही, नट विंगेत मोबाइल बघत बसतात आणि लाइटवाल्या पोरावर पाच जण ओरडतात. आम्हालाही हे गणित सुटायला बराच काळ लागला.

रंगीत तालमीआधी एक अख्खा दिवस फक्त क्यूंसाठी काढा, क्यू म्हणजे लाइट, साउंड किंवा नेपथ्य बदलायची खूण. कपडे नाहीत, अभिनय नाही. क्यूच्या आधीच्या दोन ओळी, क्यू, बदल पूर्ण होऊ द्या, की पुढच्या क्यूवर उडी. चुकलं तर लगेच परत. गाण्यात मात्र अशी उडी चालत नाही, गाणं पूर्ण वाजवा, कारण तिथले बरेचसे क्यू तालावर असतात आणि स्टेज मॅनेजरला, म्हणजे हे क्यू देणाऱ्याला, मात्रा मोजाव्या लागतात.

आणि स्टेज मॅनेजर म्हणजे रोल न मिळालेल्याची समजूत काढायची जागा नाही!! पहिल्या तालमीपासून हजर राहणारी, न घाबरता थांबवणारी मुलगी किंवा मुलगा हवा. फाइलमध्ये एका बाजूला स्क्रिप्ट, समोरचं पान कोरं, क्यू पेन्सिलनेच लिहायचे. लाइट 14 आणि 15 च्या मध्ये नवीन क्यू घुसला तर त्याला 14.5 म्हणा, सगळे नंबर बदलत बसलात की तुमचा कागद वेगळा, ऑपरेटरचा वेगळा, मग बघा गंमत.

हेडसेटवर बोलायची पद्धत पक्की ठेवा. ‘स्टँडबाय लाइट 14, साउंड 6’, त्यावर ऑपरेटर ‘स्टँडबाय’ म्हणणार, मग ‘लाइट 14, साउंड 6, गो’. नंबर आधी, गो शेवटी. हेडसेटवर ‘गो’ दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, थट्टेतसुद्धा नाही, कारण कोणीतरी बटण दाबतंच. आणि ब्लॅकआउट बरोब्बर ठोक्यावर हवा असेल तर गो किंचित आधी म्हणा, ऐकून बोट हलायला वेळ जातो.

दिग्दर्शक कोणीही असो, क्यूंच्या दिवसापासून सूचना स्टेज मॅनेजरमार्फतच. तालीम थांबवायची तीही त्यानेच. कुणाला लागेल असं दिसलं तर मात्र जो बघेल त्याने ओरडायचं.

माइकचं थोडक्यात: कॉलरवरचा माइक नाचताना कपड्याला घासतो, त्यापेक्षा गालावर नाहीतर कपाळाशी केसांच्या कडेला टेपने लावा. माइकच्या पॅकच्या (नटाच्या अंगावरच्या बॅटरीच्या डबीच्या) स्विचवरही टेप मारा, नटाने हात लावायचा नाही, म्यूट करायचं ते साउंडवाल्याने. प्रत्येक प्रयोगाला नव्या बॅटऱ्या, ‘कालची अर्धी आहे अजून’ हे ऐकून घेऊ नका.

मग रंगीत तालीम न थांबता काढायची, चुका कागदावर टिपून शेवटी सांगायच्या. प्रयोगाला शिक्षकांनी प्रेक्षकात बसायचं आणि मध्यंतरात सूचना द्यायला आत यायचं नाही, काही राहिलंच असेल तर स्टेज मॅनेजरला चिठ्ठी पाठवा, वेळ मिळाला तर वाचेल.