जुना आय७ की नवा आय३? लॅपटॉप आणि डेस्कटॉप प्रोसेसरची तुलना कशी करावी

जुना लॅपटॉप आणखी काही वर्षे वापरावा की नवा डेस्कटॉप घ्यावा, हे ठरवताना अनेकजण प्रोसेसरच्या नावातील आय३, आय५, आय७ एवढेच पाहतात आणि तिथेच फसतात. ही प्रतवारी एकाच पिढीतील आणि एकाच वर्गातील प्रोसेसरपुरतीच खरी असते. म्हणून येथे मुद्दाम उलटी वाटेल अशी जोडी घेतली आहे: २०१६ मध्ये आलेला लॅपटॉपचा इंटेल कोअर आय७-७५००यू आणि २०२२ च्या आरंभी आलेला डेस्कटॉपचा कोअर आय३-१२१००.

प्रथम प्रोसेसरचे पूर्ण नाव मिळवावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात नाव, कोअर (प्रत्यक्ष काम करणारे प्रोसेसरचे भाग) आणि कॅश (प्रोसेसरमधील छोटी, वेगवान स्मृती) दिसतात. ७५०० मधील ७ म्हणजे सातवी पिढी आणि १२१०० मधील १२ म्हणजे बारावी. शेवटचे अक्षर तितकेच महत्त्वाचे आहे. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठी बनवलेला प्रोसेसर. याच सातव्या पिढीतील आय७-७७००एचक्यू मध्ये ४ कोअर आहेत, तर ७५००यू मध्ये केवळ २. डेस्कटॉपच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. दुकानात किंमत विचारताना हे आधी पाहावे.

आता इंटेलच्या संकेतस्थळावरील माहिती शेजारी-शेजारी मांडावी. ७५००यू मध्ये २ कोअर, ४ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारे कामांचे प्रवाह), ४ एमबी कॅश, कमाल वेग ३.५ गिगाहर्ट्झ आणि विजेची मर्यादा १५ वॅट आहे. १२१०० मध्ये ४ कोअर, ८ थ्रेड, १२ एमबी कॅश, कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ आणि मूळ मर्यादा ६० वॅट असून, जोर लागल्यास तो ८९ वॅटपर्यंत जाऊ शकतो.

केवळ गिगाहर्ट्झ पाहिले तर फरक सुमारे २३ टक्क्यांचाच दिसतो, आणि नेमकी इथेच गफलत होते. त्याच वेगाला प्रत्येक कोअर किती काम उरकतो, हे त्याच्या रचनेवर ठरते. सातव्या पिढीतील कोअरची रचना सहाव्या पिढीतील, स्कायलेक नावाचीच होती. त्यानंतरच्या सनी कोव्ह रचनेत समान वेगाला सरासरी १८ टक्के अधिक काम होते आणि बाराव्या पिढीतील गोल्डन कोव्हमध्ये, सनी कोव्हवर आधारलेल्या अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या तुलनेत, आणखी १९ टक्के, असे इंटेलने जाहीर केले होते. १.१८ गुणिले १.१९ गुणिले १.२३ असा हिशेब केला, तर एका कोअरमागे नवा आय३ सुमारे १.७ पट वेगवान ठरतो. कोअरही दुप्पट असल्यामुळे सर्व कोअर वापरणाऱ्या कामात तो तिप्पट किंवा त्याहून पुढे जाणे अपेक्षित आहे. हा कागदावरचा अंदाज आहे, पण तो काढल्याशिवाय चाचणीचे आकडे पाहू नयेत, कारण आकडा संशयास्पद आहे की नाही हे त्यावरूनच कळते.

प्रत्यक्ष चाचणीसाठी सिनेबेंच आर२३ हा प्रोसेसरचा वेग मोजून गुण देणारा प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचे गुण मात्र एकमेकांशी ताडून पाहू नयेत. लॅपटॉप चार्जरला जोडावा, पॉवर मोड सर्वोच्च ठेवावा, बाकी सर्व प्रोग्रॅम बंद करावेत आणि एकदाच न चालवता १० मिनिटांची चाचणी निवडावी. सोबत एचडब्ल्यूइन्फो हा यंत्राची स्थिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा ठेवून तापमान आणि क्लॉक स्पीड, म्हणजे त्या क्षणीचा गिगाहर्ट्झमधील वेग, पाहत राहावे. लॅपटॉप सुरुवातीला जोरात धावतो, पण थोड्याच वेळात विजेची मर्यादा आड येते किंवा उष्णता वाढते आणि वेग खाली येतो. शिवाय ७५००यू ची ही मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी ७.५ ते २५ वॅटच्या दरम्यान बदलू शकते, त्यामुळे दोन लॅपटॉपमधील एकच प्रोसेसर सारखा चालेलच असे नाही. विदर्भातल्या मे महिन्यात आणि डिसेंबरात घेतलेल्या चाचण्याही एकमेकींशी जुळणार नाहीत. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत, एकाच दिवशी तपासावीत.

विजेचा विचार करताना केवळ वॅट पाहून डेस्कटॉपला उधळ्या ठरवू नये. एखादा व्हिडिओ एक्सपोर्ट करण्यास लॅपटॉपला साडेतीन तास लागले आणि डेस्कटॉपला एक, तर प्रोसेसरपुरती वीज अनुक्रमे सुमारे ५२ आणि ६० वॅट-तास, म्हणजे जवळपास सारखीच होते. मात्र नुसते टायपिंग करताना मॉनिटरसह पूर्ण डेस्कटॉप अधिक वीज घेतो, आणि वीज गेल्यावर यूपीएस नसेल तर काम तिथेच थांबते.

एका बाबतीत मात्र चाचणीची गरजच नाही: विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत ७५००यू नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांना विंडोजच हवे आहे त्यांचा निर्णय येथेच बराचसा होतो. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली चालणार असेल तर जुन्या यंत्राला अजून वाव आहे. अशा वेळी टास्क मॅनेजरमध्ये किंवा लिनक्सच्या सिस्टिम मॉनिटरमध्ये नेहमीचे काम करताना पाहावे. प्रोसेसर रिकामा आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर दोष प्रोसेसरचा नसून जुन्या हार्ड डिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा आहे, आणि एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, बसवून, शक्य असल्यास रॅम वाढवून, तो बऱ्याच कमी खर्चात दूर होतो.